पन्हाळ्यावर लवकर पिकणारं अंजीर कोणतं लावावं?

परड्यातली_मीरा | १४ जुलै, सकाळी ९.१०

मंडळी, राहायला मी कोल्हापुरात, राजारामपुरीत. पण पन्हाळ्यावर मामांचं जुनं घर आहे आणि मागं अडीच गुंठ्याचं परडं. सहा वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका रोपवाटिकेतून ‘पुना अंजीर’ म्हणून रोप आणून तिथं लावलं. झाड जोमात आहे, प्रश्न फळाचा. मे संपता संपता सुपारीएवढी अंजिरं दिसायला लागतात आणि मग पाऊस. पिकायची वेळ येते तेव्हा वर आठ-आठ दिवस धुकं असतं, समोरचा माणूस दिसत नाही. परवा रविवारी एक बऱ्यापैकी फुगलेलं काढलं. बाहेरून ठीक होतं. फोडलं तर आत राखाडी लव आणि दोन मुंग्या, त्याही बहुतेक निवाऱ्याला आलेल्या.

माझा आतेभाऊ इंग्लंडात शेफील्डला असतो. तिथल्या गारठ्यात याच्याकडं ऑगस्टमध्ये अंजिरं पिकतात आणि तो मला फोटो पाठवून छळतो. त्याच्याकडं ‘ब्राउन टर्की’ आहे, लवकर पिकतं म्हणे. माझं म्हणणं, पन्हाळाही थंडच, मग तिथं चालतं ते इथं का चालू नये? दिवाळीत येताना तो बॅगेतून काडी आणायला तयार आहे. थंड हवेत कुणी अंजीर लावलंय का? कोणती जात?

---

तांबडापांढरा | १४ जुलै, ९.२२

पन्हाळा थंड आणि शेफील्ड पण थंड! नाद खुळा. मग आमचा कात्यायनीचा डोंगर म्हणजे आल्प्स.

---

गूळभट्टी | १४ जुलै, ९.४०

ताई, पहिल्यांदा ती बॅगेतली काडी डोक्यातून काढा. बाहेरून झाडाची काडी आणायची तर आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं झाड निरोगी असल्याचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. २००३ पासूनचा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे. विमानतळावर सापडली तर काडी जाईल, आणि नाही सापडली तर तिकडचा रोग फुकटात गावभर होईल. दुसरं वाईट.

---

आठ_दिवस_पाण्यात | १४ जुलै, १०.०५

माझा अनुभव. घर पंचगंगेपासून फार लांब नाही. गच्चीवर जागा नव्हती म्हणून अंजिराची मोठी कुंडी अंगणात ठेवली होती. २०१९ च्या पुरात कुंडी तरंगत शेजाऱ्यांच्या फाटकाला जाऊन अडकली. पाणी उतरल्यावर आणली परत. झाड हिरवंगार दिसत होतं, मी खूश. पंधरा दिवसांत सगळी पानं गळाली आणि खोड दाबलं तर चिखलासारखं मऊ. अंजिराला पाणी आवडतं, पण मुळाशी साठलेलं नाही. पन्हाळ्याच्या जांभ्यात निचरा चांगला आहे, तेवढ्या बाबतीत तुम्ही नशीबवान.

---

शेफील्डचा_बंड्या | १४ जुलै, दुपारी २.३५

मीरातै, इथं पण माझी बदनामी?

मंडळी, तो आतेभाऊ मीच. माझं झाड काय करतं ते आधी सांगतो. घराची दक्षिणेकडची विटांची भिंत आहे, झाड तिला चिकटवून पंख्यासारखं पसरलंय. भिंत दिवसा तापते, रात्री ऊब सोडते. मुळं मोकळी सोडली तर झाड नुसतं पाला काढत बसतं, म्हणून साठ सेंटीमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घेतला, चारी बाजूंनी फरशा उभ्या केल्या आणि तळाला विटांचे तुकडे भरले. ही इथली जुनी रीत आहे.

आता मुद्द्याचं. मी ऑगस्टमध्ये खातो ती अंजिरं त्या वर्षी धरलेली नसतात. मागच्या हंगामाच्या शेवटी फांदीच्या शेंड्याजवळ वाटाण्याएवढे, खरं तर वाटाण्याहून बारीक गोळे धरतात. तेवढेच हिवाळ्यातून तगतात. त्याहून मोठी, अर्धवट वाढलेली हिरवी फळं नोव्हेंबरात मी स्वतः खुडून टाकतो. ती पिकणार नसतातच, उगाच झाडाचा जीव खातात. वसंतात ते बारीक गोळे फुगायला लागतात आणि उन्हाळा सरता सरता पिकतात. नव्या फांदीवर येणारं पीक इथं पिकतच नाही, त्याआधी थंडी येते.

म्हणून मी तैला दोन वर्षं सांगतोय, शेंडे छाटू नको. शेंडा छाटला की पुढच्या वर्षीचं पीक गेलं.

---

परड्यातली_मीरा | १४ जुलै, ३.०१

आणि मी ते ऐकलं! त्याआधी मामा पहिला पाऊस पडला की जास्वंदीबरोबर अंजीरही छाटायचे. बंड्याच्या सांगण्यावरून दोन वर्षं कात्री बंद. आता झाडाला काठीसारखे लांबलचक फोक आलेत, खाली सगळं बोडकं आणि टोकाला पाच-सहा पानांची छत्री.

---

दिवेघाट | १४ जुलै, ३.४८

थांबा थांबा थांबा.

मी मूळचा पुरंदरचा, नोकरीनिमित्त दहा वर्षं कोल्हापुरात. आमच्या दिवे, वाघापूर, राजेवाडी भागात अंजीर म्हणजे घरचं माणूस. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. चुलत्यांची साठ झाडं आहेत, लहानपणी सुट्टीत पहाटे अंजीर तोडायला जायचो, हाताला चीक लागून बोटांची सालं निघायची.

बंड्याभाऊ, तुमचं तिकडं बरोबर आहे, पण ते इकडं लावलंत म्हणून घोटाळा झाला. तुमचं पीक जुन्या काडीवर येतं. कात्री लावली की ते गेलं. आमचं पीक नव्या फुटीवर येतं. कात्री लावल्याशिवाय नवी फूट नाही आणि फुटीशिवाय अंजीर नाही. झाड तेच, हिशेब उलटा.

मीराताई, तुमचं झाड उशिरा पिकत नाही. त्याला चुकीच्या वेळी धरलंय. आमच्याकडं दोन बहार. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटणी केली तर फळ पावसातच वाढतं, तो खट्टा बहार. नावातच आलं. पाणचट, आंबट, फुटकं. पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटलं तर फळ फेब्रुवारी ते मे, तो मीठा बहार. मामा जास्वंदीबरोबर छाटत होते म्हणजे दरवर्षी इमानेइतबारे खट्टा बहार धरत होते. आणि दोन वर्षं छाटणीच नाही म्हटल्यावर झाड आपल्या मर्जीनं उन्हाळ्यात फुटतं आणि फळ पुन्हा पावसातच सापडतं. आमच्याकडं खट्टा बहार घेणारे घेतात, पण पुरंदर पर्जन्यछायेत आहे. तुमच्या धुक्यात तो घेणं म्हणजे पावसात पापड वाळत घालण्यासारखं आहे.

---

तांबडापांढरा | १४ जुलै, ३.५५

पावसात पापड! जाळ आणि धूर संगटच 😄

---

डोळस | १४ जुलै, सायंकाळी ६.२०

दिवेघाट यांच्याशी बराचसा सहमत, पण ‘झाड तेच’ इतकं सरळ नाही. लवकर पिकण्याचे दोन अर्थ इथं मिसळलेत.

थंड देशात उन्हाळा आखूड. फळ पिकायला जी ऊब साठावी लागते ती सप्टेंबरात संपते. म्हणून तिथले हौशी लोक कमी उबेत पिकणाऱ्या जाती शोधतात: ‘रॉन्द द बोर्दो’, ‘फ्लोरिया’, ‘इम्प्रूव्ह्ड सेलेस्ट’. नाहीतर जुन्या काडीवर भरपूर फळ धरणारी, जसं ‘डेझर्ट किंग’. त्यांची शर्यत थंडीशी असते. आपल्याकडं उबेची टंचाई नाहीच. पन्हाळा साधारण हजार मीटरवर आहे, संध्याकाळी स्वेटर लागतो इतकंच. गोठणबिठण काही नाही. आपली शर्यत पावसाशी. ब्राउन टर्की आणून ती जिंकता येणार नाही, कारण जून काही जात बघून येत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात तर पाऊस गावागणिक बदलतो. गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, शिरोळकडं त्याच्या निम्म्याच्या जवळ. एकाच जिल्ह्यात एकाचं अंजीर कुजतं आणि दुसऱ्याचं वाळतं.

---

सिएटलकरीण | १४ जुलै, रात्री ११.४६

डेझर्ट किंगचं नाव आलं म्हणून लिहिते. माहेर कागलचं, आता सिएटलला. आमच्या परसात तेच आहे. साल हिरवी, आत स्ट्रॉबेरीसारखं लाल. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये जुन्या काडीवरची फळं पिकतात आणि अक्षरशः बादलीनं उतरतात. नंतर नव्या फुटीवर येणारी मात्र सगळी गळून पडतात, कारण त्यांना परागीकरण लागतं आणि ते करणारी चिलटं इथं नाहीत. पहिल्या वर्षी मला वाटलं झाडाला रोग आला.

इथं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. म्हणजे तुमच्या बरोबर उलट. हेवा वाटायचं कारण नाही मीरा, मी इथं मे महिन्यात आंब्याच्या एका पेटीसाठी काय मोजते ते विचारू नकोस.

---

आजीचा_बटवा | १५ जुलै, सकाळी ७.३०

परागीकरणाचा विषय निघालाच आहे तर, अंजिरात मेलेला किडा असतो म्हणून शाकाहारी लोकांनी खाऊ नये असा मेसेज फिरतोय. खरं का?

---

डोळस | १५ जुलै, ८.१२

पुना अंजिराबद्दल नाही. ते परागीकरणाशिवाय धरतं, आत कुणी जात नाही. स्मर्ना प्रकारच्या अंजिराला परागीकरण लागतं, त्यात मादी चिलट आत शिरतं आणि तिथंच मरतं. तुर्कस्तानातून येणारं सुकं अंजीर बहुधा त्या प्रकारचं. पण फळातलं फिसिन नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं शरीर बरंचसं विरघळवतं. दाताखाली जे करकरतं ते बी असतं. जैन परंपरेत पाच उदुंबर फळं वर्ज्य आहेत, तो वेगळा आणि फार जुना विचार आहे. व्हॉट्सॲपच्या आधीचा.

---

वाडीचा_वाटसरू | १५ जुलै, ८.४०

उंबर अंजिराचं सख्खं भावंड. नृसिंहवाडीला औदुंबराखाली बसून कधी पडलेलं फळ फोडून बघा, भुर्रकन केंबरं उडतात. ‘उंबरं फोडून केंबरं काढू नयेत’ म्हणतात ते उगाच नाही. आणि ‘उंबराचं फूल’ दिसत नाही कारण ते फळाच्या आतच असतं, अंजिराचंही तसंच. आपण खातो ती सगळी आत वळलेली फुलंच.

---

तांबडापांढरा | १५ जुलै, ८.५१

म्हणजे इतकी वर्षं मी बुके खातोय.

---

शेफील्डचा_बंड्या | १५ जुलै, दुपारी १.१५

दिवेघाट, चूक मान्य. तैला दोन वर्षं उपाशी ठेवल्याबद्दल दिवाळीत दंड भरतो.

अवांतर: शेफील्डचं एक खास अंजीर पुराण आहे. इथल्या डॉन नदीच्या काठानं अंजिराची मोठी मोठी जंगली झाडं आहेत, कुणी न लावलेली. लोकांच्या पोटातून सांडपाण्यात, तिथून नदीत बिया गेल्या. पोलादाचे कारखाने भट्ट्या थंड करायला नदीचं पाणी घ्यायचे आणि गरम करून परत सोडायचे, त्यामुळं पाणी वीस अंशांच्या आसपास राहायचं. त्या उबेत बिया रुजल्या. कारखाने बंद झाले, पाणी गार झालं, आता नवी रोपं उगवत नाहीत. जुनी तेवढी उभी आहेत. शहराला त्यांचं फार कौतुक.

---

गूळभट्टी | १५ जुलै, १.३०

मग शिरोली एमआयडीसीच्या फाउंड्र्यांनी काय पाप केलंय? आमच्या नाल्याकाठी नुसती बेशरम उगवते.

---

आठ_दिवस_पाण्यात | १५ जुलै, १.४२

भावा, आधी नाल्यात अंजिराची बी यायला लोकांनी अंजीर खायला पाहिजे. इथं मिसळीची तर्री येते. तिच्यातून काय उगवणार?

---

परड्यातली_मीरा | १५ जुलै, रात्री ९.०५

मिसळीवरून परत झाडावर येऊ या का? दिवेघाट, मग आता नेमकं काय करू? पानांखाली नारिंगी भुकटी पण आहे. बोटाला लागते, हळदीसारखी.

---

दिवेघाट | १५ जुलै, १०.२०

तांबेरा, पानांवरचा बुरशीचा रोग. दमट हवेत येणारच. ऑगस्टपर्यंत झाड उघडं पाडेल. गळलेली पानं झाडाखाली कुजू देऊ नका, गोळा करून लांब जाळा नाहीतर पुरा. उघडीप मिळाली की एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) पानांच्या खालून फवारा. वरून फवारलं तर फक्त पावसाला धुवायला काम मिळतं.

आत्ता झाडावर असलेली फळं काढून टाका. जिवावर येईल, पण काढा. खोडावर भुसा दिसतोय का बघा. दिसला तर आत खोडकिडा आहे, तारेनं टोकरून काढा.

मग थांबा. पाऊस पूर्ण सरू दे. पन्हाळ्यावर दसऱ्याच्या आसपास, परतीचा गेला याची खात्री झाली की छाटणी. लांब फोक आहेत ते निर्दयपणे मागं घ्या, काडीवर चार-पाच डोळे ठेवा. बोडक्या भागात फूट हवी असेल तर डोळ्याच्या जरा वर सालीला खाच पाडायची, आमच्याकडं चुलते सराईतासारखे पाडतात. कुजलेलं शेणखत, आणि मग पाणी. पंधरा-वीस दिवसांत फूट, पानाच्या बगलेत बारीक अंजीर. तिथून पिकायला साधारण चार ते साडेचार महिने. तुमच्याकडं थंडी जास्त म्हणून थोडं पुढं.

पाणी तोडून तोडून देऊ नका. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम बदाबदा दिलं की पिकत आलेलं फळ तडकतं. आणि चीक अंगाला लागून उन्हात जाऊ नका, चट्टे उठतात.

---

आजीचा_बटवा | १६ जुलै, सकाळी ६.५०

त्या चिकाचे चार थेंब कोमट दुधात टाकले की दूध फाटतं. आमच्या आजीनं दाखवलं होतं. आजोबांनी तोच चहा प्यायला, तो भाग वेगळा.

---

परड्यातली_मीरा | १९ ऑक्टोबर, रात्री ८.१५

छाटलं. मामा दिवसभर बोलले नाहीत. “सहा वर्षं वाढवलेलं पोर एका दिवसात टकलं केलंस,” एवढंच.

---

तांबडापांढरा | १९ ऑक्टोबर, ८.२०

फोटो टाका. झाडाचा नको, मामांचा.

---

परड्यातली_मीरा | २२ जानेवारी, दुपारी ४.३०

एक शंका. नोव्हेंबरात फळं धरली, मोजून एकतीस. भराभर लिंबाएवढी झाली आणि आता महिना झाला तशीच आहेत. रोज बघते. कडक, हिरवी, ढिम्म. थंडीनं अडकली का?

---

डोळस | २२ जानेवारी, ५.०५

अडकली नाहीत. अंजीर तीन टप्प्यांत वाढतं. आधी भराभर, मग मधे बराच काळ बाहेरून काहीच दिसत नाही, आत बी तयार होत असतं, आणि शेवटी काही दिवसांत एकदम दुप्पट फुगून मऊ पडतं. त्या मधल्या काळात खताचा मारा करू नका. आणि कच्चं काढून तांदळात ठेवायचा मोह टाळा. आंब्यासारखं ते घरी पिकत नाही.

---

सिएटलकरीण | २३ जानेवारी, सकाळी ६.१०

त्या मधल्या टप्प्याच्या शेवटी, फळाच्या बुडाशी असलेला डोळा गुलाबीसर दिसायला लागला की त्यावर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब लावतात. फार जुनी युक्ती आहे. आठवडाभरात पिकतं. लवकर लावलं तर मात्र बिघडतं. दोन-तीन फळांवर करून बघ, सगळ्यांवर नको.

---

गूळभट्टी | २३ जानेवारी, ७.४५

ऑलिव्ह कुठलं, घाण्याचं शेंगतेल लावा. कोल्हापूरचं झाड आहे, त्याला काय कळतंय.

---

परड्यातली_मीरा | ९ मार्च, रात्री ९.४०

दोन फळांवर शेंगतेल लावलं होतं. सहाव्या दिवशी वर गेले तर दोन्ही जांभळट, मान टाकलेली, एकाच्या डोळ्यातून मधासारखा थेंब लोंबत होता आणि त्यावर एक गांधीलमाशी ठाण मांडून बसलेली. तिला हाकललं. बाकीची अजून हिरवी, पण चार-पाच आता फुगायला लागलीत.

पहिलं मामांना दिलं. त्यांनी खिशातला चाकू काढून चार फोडी केल्या, एक स्वतः खाल्ली, दोन गप्प बसून मला आणि मामीला दिल्या. चौथी हातात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “पुढच्या वर्षी जास्वंदीपण ऑक्टोबरातच छाटू काय?”

दुसरं बुलबुलानं पोखरलं होतं. पिशव्या बांधायला पाहिजेत. जाळीच्या बऱ्या की कागदी?

---

दिवेघाट | ९ मार्च, ९.५८

जाळीच्या. कागदीत वाफ धरते.

जास्वंदीला हात लावू देऊ नका.

---

शेफील्डचा_बंड्या | १० मार्च, पहाटे २.३०

इथं आज परत बर्फ. माझे वाटाणे शेंड्यावर कापडात गुंडाळून बसलेत. तै, फोटो पाठवणं बंद कर.